वाटेचा धवला

“जी वाट आपुन बगली नाय ना, ती गायाची नाय गो वेनू. गला सुकला तरी चालंल. पन न बगलेली वाट गायाची नाय.”

विठाआय जाऊन किती तरी वर्षं झाली, पण सासूचा तो आवाज वेणूला कानांत यायच्या आधी हातात ऐकू येई. चौक घालायला तांदळाची मूठ उघडली, की बोटांच्या फटींतून तांदूळ सुटतात तसा तो सुटे; हलका, सरसरता. आज बुधवारी दुपारीही तसंच झालं. पद्मजाच्या अंगणात हळद कुटायला बायका जमल्या होत्या, आणि उखळाभोवती चौक घालायला वेणू खाली वाकली होती.

मार्गशीर्षातलं मऊ ऊन होतं. मलंगगडाचा डोंगर निळसर धुरकटीत अर्धा विरघळला होता. पालेगावातल्या या अंगणाला आता तिन्ही बाजूंनी इमारतींनी घेरलं होतं. त्यांतली एक अजून हिरव्या जाळीत गुंडाळलेली होती. वारा आला की जाळी फुगे, आणि एवढी मोठी इमारत झोपेत श्वास घेते आहे असं वाटे. भातखाचरं होती तेव्हाची बाव, जुनी विहीर, तेवढी राहिली होती, तोंडावर लोखंडी जाळी बसवून घेऊन. वेणू येता-जाता तिच्याकडे पाहून हात जोडी. पाणी दिसत नसलं तरी ते आत आहे, हे तिला ठाऊक होतं.

आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, देवांना, पितरांना, उंबराला, पाण्याला बोलावते, आणि मगच नवरीला हळद लागते. विठाआय धवलारीण होती. तिच्यामागं तिचा गळा तिच्या थोरल्या सुनेकडे, वेणूकडे आला. सगळ्या धवल्यांत वाटेचा धवला सगळ्यांत लांब. मुलीच्या उंबऱ्यापासून निघायचं आणि ओळीओळीनं तिला नवऱ्याच्या चुलीपर्यंत नेऊन पोचवायचं. म्हणून विठाआय लग्न ठरलं की आधी त्या घरी जाऊन यायची. गाव वसत असो, जांभूळ असो, पार तिकडं खाडीपलीकडे असो. ओट्यावर बसायची, घरच्या बाईच्या हातचं पाणी प्यायची, दारात झाड कुठलं, बाव किती लांब, चूल कुठल्या तोंडाची, सगळं डोळ्यांत भरून आणायची, आणि मग गायची. वेणूनंही तेच चालवलं होतं. सोमवारचं शिवमंदिर, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नाआधी घर पाहणं, या तीन गोष्टी तिनं कधी चुकवल्या नव्हत्या.

या वेळी मात्र घर फार लांब होतं. इंदूरच्याही पुढं, देवलखेडी नावाचं गाव. धाकटा दीर महेश दिवाळीनंतर तिच्याकडे आला होता, म्हणाला होता, “वहिनी, घर बघून झालं. एकदम भारी. तुम्ही गाणार ना?” आणि ती म्हणाली होती, “भाचीच्या लग्नात नाय गायचं तर कवा?” दीर बघून आला, म्हणजे घरचं माणूस बघून आलं. एवढ्या लांब आपल्याला कोण नेणार, असंही तिनं मनाला सांगितलं होतं.

चौक पुरा झाला. बायकांनी मुसळाला आंब्याची डहाळी बांधली. वेणूनं पदर डोक्यावरून घेतला आणि सहज, ओळी जुळवाव्यात म्हणून, नणंदेला विचारलं,

“पद्मा, तिकडं दारात काय हाय गो? आंबा का उंबर? ओळीत घालायला लागंल.”

पद्मजा सुपात हळकुंडं पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

“मला काय इचारतेस वयनी? तूच बघून आलीस ना.”

“मी?”

“मग कोन?”

मुसळ कुणाच्या तरी हातात तसंच वर राहिलं.

“मी नाय गेले,” वेणू म्हणाली. “महेश बघून आला बोलला. मला वाटलं तू नि तो, दोघं जाऊन आलात.”

सुपातली हळकुंडं घरंगळत एका कडेला आली. पद्मजाचा चेहरा पांढरा पडत गेला, पहाटे खाचरात धुकं चढावं तसा, खालून वर.

“वयनी,” ती म्हणाली, “तू गायला हो बोललीस, म्हनून मी हो बोलले.”

*

पद्मजाला आठवत होतं ते असं: महेशदादा फोन घेऊन आला होता, फोनमध्ये गुलाबी रंगाचं घर होतं, आणि तिनं ते घर नीट पाहिलंच नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं, “वयनी काय बोलते?” आणि दादा म्हणाला होता, “वहिनी गाणार आहे.” झालं. त्या रात्री तिला किती दिवसांनी शांत झोप लागली होती. नवरा गेल्यापासून ती कुठल्याच घराच्या दारात निवांतपणे शिरली नव्हती, पण वेणूवहिनी शिरली असणार, तिथलं पाणी प्यायली असणार, आणि ते पाणी गोड असणार, एवढ्यावर तिनं आपली पोर देऊन टाकली होती.

आता तो महेशदादा अंगणात उभा होता. जिज्ञासानं, वेणूच्या मुलीनं, त्याला फोन करून बोलावलं होतं. आणि दुसरा फोन तिनं कुणाला केला ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

“खोटं काय बोललो मी?” महेश म्हणत होता. “बघितलं ना घर. व्हिडिओवर बघितलं. आजकाल सगळं तसंच बघतात. फ्लॅट घेतात लोक व्हिडिओवर!”

“फ्लॅट चुलीवर भाकर नाय मागत रं,” एक म्हातारी म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. पण हसू फार टिकलं नाही.

“दाव मला,” वेणू म्हणाली.

महेशनं फोन धरला. गुलाबी घर. दाराला तोरण. पुढं एक स्कूटर. कॅमेरा डावीकडून उजवीकडे गेला आणि परत डावीकडे आला. वेणूनं ते दोनदा पाहिलं, देवळात मूर्ती पाहावी तसं, टक लावून.

“बाईमाणूस कुठं दिसत नाय यात.”

“आत असेल, वहिनी.”

“आत कुठं गेलाय फोन? उंबऱ्याच्या आत गेलाच नाय.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मुलाच्या आईला फोन लाव. मी भांडत नाय. दारात झाड कुठलं, एवढंच इचारते.”

महेशनं लावला. त्याला आत कुठंतरी वाटत होतं, की आता ती बाई बोलेल, वहिनी दोन शब्द विचारेल, आणि हे सगळं धुरासारखं विरून जाईल. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. गेल्या वर्षी पद्मजाच्या पायलचा साखरपुडा मोडला, तेव्हा गावात लोक काय काय बोलले ते त्यानं ऐकलं होतं. बाप नसलेली पोर, मामांनी जमिनी विकल्या आणि भाचीला वाऱ्यावर सोडली, हेही ऐकलं होतं. म्हणून बदलापूरचा शंकरराव, फ्लॅटांच्या व्यवहारातला ओळखीचा माणूस, “आमच्या बघण्यात एक मुलगा आहे, काही मागणार नाहीत, उलट सगळं तेच करतील,” म्हणाला, तेव्हा महेशच्या छातीवरचा दगड उतरला होता.

फोन उचलला तो एका पुरुषानं. “मम्मी मंदिर गई है.”

महेशनं फोन स्पीकरवर टाकला आणि ओशाळं हसत विचारलं, “अच्छा अच्छा. वो हमारी भाभी गाना गाती है शादी में, तो पूछ रही थी... आपके आँगन में पेड़ कौन सा है?”

पलीकडे शांतता. कुणीतरी लांबून काहीतरी म्हणालं.

“पेड़? हाँ, है ना. बहुत सारे हैं.”

“कौन से?”

“अरे भाईसाब, जो गाना है गा लो ना आप,” आणि फोन ठेवला गेला.

अंगणात उखळाच्या कडेनं हळदीची भुकटी उन्हात तरंगत होती. त्याच वेळी फाटकातून यशोधरा आत आली.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका सिंधी भाभीच्या शिलाई कारखान्याच्या माळ्यावर दर मंगळवारी ज्या बायका जमतात, त्यांच्यातली ती. त्यांनी आपल्या जमण्याला ‘सांगाती’ म्हणायचं ठरवलं होतं. कुणी दवाखान्यात आया, कुणी शाळेत, कुणी घरीच. मारहाणीतून निघालेल्या बाईसोबत पोलीस ठाण्यात बसायचं, लग्नाच्या नाहीतर नोकरीच्या नावाखाली नेलेल्या मुलींचा माग काढायचा, असं त्यांचं काम. जिज्ञासा त्यांच्यात जायला लागल्यापासून घरात त्यावरून दोन-तीनदा कुरबुर झालेली होती.

“आल्या!” महेश म्हणाला. “लग्न मोडणाऱ्या बाई आल्या. जिज्ञा, तूच बोलावलंस ना?”

“हो काका.”

“मोडणारी नाही हो भाऊ,” यशोधरा चपला काढत म्हणाली. “माझ्या स्वतःच्या तीन पोरींची नि एका पोराची लग्नं लावलीत मी. विहारात सगळ्यांत मोठ्यानं मंगलगाथा मीच म्हणते, शेजारचे हैराण होतात. पाणी द्या आधी. रिक्षावाल्यानं पार वळसा घालून आणलं, सगळीकडं रस्ते खणलेत.”

पद्मजानं तांब्या दिला. यशोधरा पाणी वरून नाही, तोंडाला भांडं लावून प्यायली, आणि भांडं हातातच धरून बसली.

“वेणूताई, आम्ही घर पाहायला जातो ना, ते तुमच्याकडनं उचललंय. जिज्ञासानं सांगितलं होतं, आमची आजी असं करायची. मी म्हटलं, हेच तर पाहिजे. कुणाला चोर म्हणायचं नाही. फक्त जायचं, ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं.” मग तिनं पद्मजाकडे वळून विचारलं, “पोरीचं आधार कार्ड कुठंय, ताई?”

“शंकररावांनी नेलं. तिकडं नाव नोंदवायला लागतं बोलले. दहावीचा दाखला पन.”

“आणि फोन?”

“तिकडं गेल्यावर नवीन नंबर देनार बोलले. इकडचा बंद करायचा.”

यशोधरानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर ना राग आला, ना आपलं खरं झाल्याचं समाधान. “आमच्या कॅम्पातली एक मुलगी अशीच गेली होती. तिच्या फोटोतलं घर पिवळं होतं. आम्ही शोधत पोचलो तेव्हा घर होतं, पिवळंच होतं. पण त्यात राहणाऱ्या लोकांनी आमच्या मुलीचं नावही ऐकलेलं नव्हतं. दाराशी उभं राहून कुणीतरी फोटो काढून नेला होता, एवढंच. ती सापडली दुसऱ्याच गावात. एका घरातून दुसऱ्या घरात दिली होती तिला, भांडं द्यावं तशी.” ती थांबली. “आता ती मंगळवारी आमच्यात बसते. बोलत नाही फार. पण कुणाचं घर पाहायला जायचं म्हटलं, की सगळ्यांत आधी चप्पल तीच घालते.”

“सगळेच तसे नसतात,” महेश म्हणाला. त्याचा आवाज मात्र मघाचा राहिला नव्हता.

“नसतात ना. म्हणून तर पाहायचं.”

“चार दिवसांत लग्न आहे! पत्रिका वाटल्यात! दादा, तू तरी बोल काहीतरी.”

ओट्यावर मधू, वेणूचा नवरा, मघापासून दाराच्या तोरणासाठी आंब्याची पानं सुतळीत ओवत बसला होता. घरातला थोरला, पण बोलायची वेळ आली की त्याला नेहमी काहीतरी ओवायचं, सोलायचं, नाहीतर दुरुस्त करायचं असे. त्यानं पान सुईत घातलं, गाठ मारली, आणि कुणाकडेच न पाहता म्हणाला,

“आयनं गायलं नसतं.”

मग तो पुढचं पान शोधू लागला.

महेश फाटक आपटून निघून गेला. पद्मजानं सूप खाली ठेवलं. उखळात अर्धवट कुटलेली हळद होती; ती तिनं हातानं सारखी केली, वर केळीचं पान झाकलं आणि मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

“वयनी येईपर्यंत याला कुनी हात लावायचा नाय,” ती बायकांना म्हणाली.

वेणूनं चमकून पाहिलं. ती जाणार आहे, असं अजून तिनं स्वतःही म्हटलं नव्हतं.

*

पायलनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. मागच्या पडवीत, नळाच्या पाइपाला पाठ टेकवून ती बसली होती. हातावर ओली मेंदी होती, म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

गुलाबी घर ती रोज पाहत असे. फोनमध्ये नाही, डोळे मिटून. त्या घरात ती पुष्कळ फिरली होती. आत गेलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणात दोरीवर वाळत घातलेली साडी, तिचीच, निळी. लोकेश, होणारा नवरा, दारात उभा. तो फोनवर कमी बोले, पण “खाना खाया?” असं विचारी. आजवर तिला तसं घरच्यांशिवाय कुणी विचारलं नव्हतं. साखरपुडा मोडला तेव्हापासून गावातल्या बाया तिच्याकडे असं बघत, जसं काही ती सांडलेलं दूध आहे. देवलखेडीत तिला कुणीच ओळखणार नव्हतं. त्या न ओळखण्याचंच तिला स्वप्न पडे.

वेणूमामी आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघे वाजले.

“मामी, तू पण त्यांच्यातली झालीस?”

“कोनाच्यातली गो?”

“मोडणाऱ्यांच्यातली.”

पदराच्या टोकानं वेणूनं पायलचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, मेंदीला धक्का न लावता.

“तुला जायचंय?”

“हो.”

“त्याच्यासाठी, का हितून सुटायला?”

पायलनं मेंदीवर फुंकर घातली. पाइपात कुठंतरी लांबवर हवा गुरगुरली.

“तुझा बाबा जांभूळला पान्याच्या कामावर होता,” वेणू म्हणाली, “तवा तू लहान होतीस. ह्या पाइपाला कान लावून बसायचीस. बोलायचीस, बाबानं सोडलं, आता येतंय.”

“अजून लावते,” पायल म्हणाली आणि ओलं हसली. “सकाळी. कुणी नसलं की.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “मी लोकेशला विचारलं होतं, तुमच्याकडं पाणी कुठून येतं. तो हसला. बोलला, नल से. मी बोलले, नळात कुठून? नदी आहे का, विहीर आहे? तर बोलला, आके देख लेना.” ती मेंदीकडे बघत राहिली. “मी बोलले असेल त्याला घाई. पण मामी, माणसाला आपलं पाणी कुठून येतं ते माहीत असतं ना?”

एवढ्याशा गोष्टीवर कुणाला दोषी धरायचं पाप आपल्या माथी नको, असं वेणूला वाटलं. आणि तरीही तो प्रश्न झाडाच्या प्रश्नाशेजारी जाऊन बसला.

“मी बघून येते,” ती म्हणाली.

“एवढ्या लांब?”

“विठाआय पायी जायची. मला तर गाडी हाय. वाट चांगली असली, घर खरं असलं, तर तुझ्यासाठी असं गाईन, की त्या लोकेशच्या गावाच्या बाया हितं ऐकायला येतील.”

“आणि नसलं तर?”

“नसलं तर आधी तुला येऊन सांगीन. आईला नाय, मामाला नाय. तुला. मग तू ठरव.”

“वचन?”

वेणूनं तिच्या मनगटाला, मेंदी जिथं संपत होती तिथं, आपला अंगठा टेकवला. कुटलेल्या हळदीचा पिवळा ठसा उमटला, लहानसा.

“आणि पाणी विचारून ये,” पायल म्हणाली. “कुठून येतं ते.”

*

गुरुवारी वेणूनं अंघोळ करून पाट मांडला. तांदळावर कलश ठेवला, त्यात सुपारी, दूर्वा, पाच पानं, वर नारळ. नारळाला हळदीकुंकू लावताना तिला वाटलं, देवी आज नेहमीसारखी भिंतीकडे पाठ करून बसलेली नाही, थोडी दाराकडे वळली आहे. तिनं कहाणी वाचली, नेहमी संध्याकाळी वाचते ती, आज सकाळीच.

“संध्याकाळची आरती मी करीन,” जिज्ञासा म्हणाली. “पण तुझ्यासारखा आवाज नाही येणार मला.”

“देवीला आवाज नको असतो गो. दिवा असला की झालं.”

“आणि उपास? प्रवासात?”

“उपासाला काय, तो पोटात असतो. गाडीतसुद्धा येतो संगती.”

मधूनं पिशवी दारात आणून ठेवली होती. तीत चादर होती, राजगिऱ्याचे लाडू होते, आणि सगळ्यांत वर त्याची स्वतःची लोकरी टोपी. तिकडे थंडी असते, एवढंच तो म्हणाला.

बाहेर धुकं होतं. हिरव्या जाळीतली इमारत दिसतच नव्हती. फक्त वरच्या क्रेनवरचा लाल दिवा आकाशात अधांतरी मिणमिणत होता. फाटकाशी यशोधरा उभी होती, कानाला मफलर, हातात थर्मास. कल्याणहून बस होती. देवलखेडीच्या जिल्ह्यात मुलींसाठीच काम करणाऱ्या दोन बाया स्टँडवर घ्यायला येणार होत्या. तिथल्या पोलीस ठाण्यातही तिनं कळवून ठेवलं होतं.

पण वेणू आधी पद्मजाच्या घराकडे वळली. वाट तिथून सुरू होत होती.

उंबऱ्यावर कुणीतरी शाल पांघरून बसलं होतं. जवळ गेल्यावर महेश दिसला. त्याचे डोळे तारवटलेले होते.

“काल शंकररावाकडं पत्ता मागितला, वहिनी. बोलला, भरोसा नाय काय माझ्यावर? मग फोनच उचलेना.”

“आनि लोकेश?”

“तो बोलतो शनिवारी गाडी पाठवतो. हळद पण तिकडंच करू, पोरीला घेऊन जातो.” त्यानं शाल गच्च ओढून घेतली. “मी काय बोलणार? बघतो बोललो. वहिनी, आता जायची गरज काय? मोडून टाकतो. आताच्या आता.”

“मोडायचं का जोडायचं, ते पायल ठरवील. मी तिला बघून सांगते बोललेय.”

“पण पत्ता नाय!”

“गावाचं नाव आहे,” यशोधरा मागून म्हणाली. “गुलाबी घराचा फोटो आहे. आणि भाऊ, त्या उंबऱ्याच्या आत आणखी कुणाची मुलगी बसलेली असेल, तर तिच्याकडं पाणी मागायला कुणीतरी जायला हवं.”

महेश उठून उभा राहिला. “मग मी येतो. मागं बसतो, तोंड उघडत नाय.”

वेणूनं त्याच्याकडे पाहिलं. हाच तो दीर, लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा एवढासा होता, तिच्या पदराला धरून वाटेचा धवला पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारा. अर्ध्यातच झोपून जायचा, नवरी पोचायच्या आत.

“तू हितंच बस,” ती म्हणाली. “असाच, उंबऱ्यावर. शनिवारी सकाली मी येते. गाडी आली तर उठू नको. कोनी काय पन बोलू दे.”

“नाय उठत.”

तो परत बसला. आत कुठंतरी पाइप गुरगुरला, थांबला, आणि मग नळाला पाणी आलं. घागरीत पडणाऱ्या धारेचा आवाज धुक्यात ओला, गोल होऊन बाहेर आला. पाइपाजवळ कुणी बसलं असेल, तर ते जागं होतं.

वेणूनं वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला.

*पहिली गो वाट उंबऱ्याची, उंबऱ्याला हलद लावा,*
*दुसरी गो वाट बावीची, बावीला दिवा दावा...*

या दोन ओळी तिच्या होत्या, विठाआयच्या होत्या, त्याआधी कुणाकुणाच्या होत्या. तिसरी अजून नव्हती. यशोधरानं तिच्या हातातली पिशवी घेतली. बावीच्या जाळीवर दवाचे थेंब ओळीनं लटकले होते. त्यांच्याजवळून जाताना वेणूचे ओठ हलले, पण तिनं आवाज काढला नाही. पदर डोक्यावरून घेतला, समोरचं एकेक नीट पाहिलं, आणि चालू लागली.